कंटेनरला होस्टचं हार्डवेअर कसं द्यायचं? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर डॉकर किंवा पॉडमन (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी साधनं) चालवणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. होस्ट म्हणजे ज्या मशीनवर हे कंटेनर चालतात ती. कुणाला झिगबी डोंगल (वायरलेस सेन्सरशी बोलणारी यूएसबी काडी) होम असिस्टंट या घर-स्वयंचलनाच्या प्रोग्रामला जोडायचं असतं, कुणाला सोलर इन्व्हर्टरचं आरएस-४८५ (सीरियल तारेवरची माहिती) वाचायचं असतं, कुणाला ग्राफिक्स कार्डावर मॉडेल चालवायचं असतं. अडचणी मात्र फिरून फिरून त्याच. कमांडी, पर्याय आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. घाई असेल तर प्रश्न २ तेवढा वाचा, निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं.

१. कंटेनर म्हणजे छोटी व्हर्च्युअल मशीनच ना? मग लावलेलं यूएसबी त्याला आपोआप का दिसत नाही?

नाही. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, असतो. कंटेनरला नसतो, तो होस्टच्याच कर्नलवर चालणारा एक साधा प्रोसेस असतो, फक्त त्याच्याभोवती भिंती घातलेल्या असतात. म्हणून हार्डवेअर 'आत पाठवायचं' असं काही नसतंच. डोंगल होस्टच्या कर्नलकडेच राहतं, कंटेनरमधल्या प्रोग्रामला त्याच्यापर्यंत जायची मुभा तेवढी द्यायची असते.

लिनक्समध्ये बहुतेक उपकरणं '/डेव्ह' फोल्डरात फाइलीसारखी दिसतात. या फाइलींना नोड म्हणतात. प्रत्येक नोडमागे दोन आकडे असतात, मेजर आणि मायनर. मेजरवरून कुठला ड्रायव्हर ते कळतं, मायनरवरून त्या ड्रायव्हरकडचं कितवं उपकरण ते. डॉकर कंटेनरला स्वतःचं वेगळं '/डेव्ह' देतो आणि त्यात नल, झीरो, रँडम, टीटीवाय अशी मोजकी निरुपद्रवी मंडळी ठेवतो. बाकीचं तुम्ही मागाल तेवढंच.

२. तेच उपकरण होस्टवर व्यवस्थित चालतं, कंटेनरमध्ये चालत नाही. शोधायला सुरुवात कुठून करू?

एररच्या संदेशापासून. तो नीट वाचला तर अर्धं निदान तिथेच होतं. लोक मात्र 'एरर येतोय' एवढंच कळवतात.

हाउसिंग सोसायटीत कुणाच्या घरी जायचं तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पत्ता माहीत हवा, वॉचमनच्या वहीत नाव हवं आणि फ्लॅटची किल्ली हवी. इथेही तसंच आहे.

पत्ता म्हणजे नोड. कंटेनरच्या '/डेव्ह'मध्ये तो नसेल तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं. डिव्हाइस पर्याय दिलेला नाही, किंवा आतलं नाव चुकलं आहे (प्रश्न ३).

वॉचमन म्हणजे कर्नलमधला डिव्हाइस सीग्रुप. त्याच्याकडे मेजर-मायनर आकड्यांची यादी असते आणि प्रत्येक आकड्यापुढे तीन मुभा: वाचणं, लिहिणं, नोड बनवणं. यादीत आकडा नसेल तर नोड डोळ्यांसमोर असूनही उघडताना 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. इथे तुम्ही आत रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) असलात तरी उपयोग नाही. याची गंमत घरी करून बघण्यासारखी आहे: डॉकरच्या साध्या कंटेनरमध्ये रूट म्हणून एमकेनॉड कमांडने होस्टच्या डिस्कचा नोड बनवून बघा, बनतो. तो उघडायला जा, वॉचमन अडवतो. डॉकर डीफॉल्टने नोड बनवू देतो, वाचू-लिहू देत नाही.

किल्ली म्हणजे फाइलीची नेहमीची परवानगी: मालक, गट आणि बाकीचे. ती नसेल तर 'परमिशन डिनाइड' येतं. ही तक्रार बहुधा तेव्हाच दिसते जेव्हा आतला प्रोग्राम रूट म्हणून चालत नसतो (प्रश्न ६).

'नॉट परमिटेड' आणि 'डिनाइड' ही दोन वाक्यं कानाला सारखी वाटतात. पहिल्यात वॉचमन अडवतो, दुसऱ्यात कुलूप. याच गोंधळात लोक गट बदलत तासन्‌तास बसतात आणि दोष सीग्रुपचा असतो, किंवा उलट.

आणखी दोन संदेश या तिन्हींच्या पलीकडचे आहेत. 'नो सच डिव्हाइस' म्हणजे दार उघडलं पण आत कोणी राहत नाही, उपकरण निघालंय किंवा ड्रायव्हर भरलेला नाही. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणजे आत आधीच कोणीतरी बसलंय (प्रश्न १०).

३. मग डिव्हाइस पर्याय नेमका कसा द्यायचा? व्हॉल्यूम म्हणून जोडलं तर नाही का चालत?

'डॉकर रन' देताना दोन डॅश आणि 'डिव्हाइस' लिहून पुढे होस्टवरचा नोड, कोलन (:), आतलं नाव, पुन्हा कोलन आणि मुभा, म्हणजे आर (वाचणं), डब्ल्यू (लिहिणं), एम (नोड बनवणं) यांतली हवी ती अक्षरं. शेवटचे दोन भाग गाळले तर नाव तेच राहतं आणि तिन्ही मुभा मिळतात. कंपोज फाइलीत (कंटेनरची मांडणी लिहून ठेवायची फाइल) हेच 'डिव्हायसेस' या कळीखाली यादी म्हणून येतं. एवढ्याने पत्ता आणि वॉचमन ही दोन्ही कामं होतात.

व्हॉल्यूमने, म्हणजे होस्टवरची फाइल किंवा फोल्डर आत जोडण्याने, फक्त पत्ता मिळतो. नोड दिसतो, उघडत नाही. शिवाय त्यात एक सापळा आहे. व्हॉल्यूमचा डॅश-व्ही पर्याय दिला आणि त्या क्षणी डोंगल लावलेलं नसेल तर डॉकर होस्टवर त्याच नावाचं रिकामं फोल्डर तयार करतो. मग '/डेव्ह'मध्ये डोंगलच्या टीटीवाययूएसबी० या नावाचं फोल्डर का आहे, याचा शोध घेण्यात सकाळ जाते.

४. कंटेनरमध्ये ड्रायव्हर टाकायचा का?

कर्नलचा ड्रायव्हर नेहमी होस्टवर. कर्नल एकच आहे, त्यामुळे कंटेनरच्या इमेजमध्ये (ज्या साच्यावरून तो बनतो) ड्रायव्हरचं मॉड्यूल भरून उपयोग नाही. होस्टवर 'डीमेसेज' पाहून उपकरण ओळखलं गेलंय ना, नोड तयार झालाय ना, एवढं आधी बघा. तिथेच नसेल तर डॉकरशी झगडू नका.

प्रोग्राम ज्या लायब्ररी वापरतो त्या मात्र इमेजमध्येच हव्यात: लिबयूएसबी, व्हिडिओसाठी व्हीए-एपीआयचा वापरकर्ता-बाजूचा भाग, पायथनची सीरियल लायब्ररी वगैरे. एनव्हिडिया याला अपवाद आहे, त्याचं प्रश्न १३ मध्ये.

५. इंटरनेटवर प्रत्येक उत्तरात 'प्रिव्हिलेज्ड लावा, चालेल' असं असतं. चालतंच की! मग बिघडतं काय?

चालतं, कारण तुम्ही वॉचमनला सुट्टी देऊन साऱ्या इमारतीच्या किल्ल्या पाहुण्याच्या हाती ठेवता. प्रिव्हिलेज्ड कंटेनरला होस्टची सगळी उपकरणं मिळतात, त्यात हार्डडिस्कही आली. सगळ्या केपेबिलिटी (रूटचे सुटे सुटे अधिकार) मिळतात, सेककॉम्पची चाळणी (कर्नलकडे काय मागता येईल ते गाळणारी) आणि ॲपआर्मरचं कुंपण (कशाला हात लावता येईल ते ठरवणारं) दोन्ही निघतात. अशा कंटेनरमधला रूट होस्टचं मुख्य पार्टिशन आत माउंट करून पासवर्डची फाइल बदलू शकतो. त्यासाठी कुठलीही सुरक्षात्रुटी शोधावी लागत नाही, साधी माउंट कमांड पुरते.

घरातल्या एका सेन्सरचं तापमान वाचायला एवढं? माझं स्पष्ट मत: प्रिव्हिलेज्ड हे निदानाचं साधन म्हणून पाच मिनिटं लावायला हरकत नाही. त्याने चाललं तर अडचण वॉचमनची किंवा कुंपणाची होती हे कळतं. त्यानेही नाही चाललं तर दोष होस्टवर किंवा प्रोग्राममध्ये आहे. मग तो काढा आणि नेमकं जे लागतं तेवढंच द्या. अडचण अशी की ही पाच मिनिटं तीन वर्षं चालतात. माझ्या स्वतःच्या घरच्या सर्व्हरवर असा एक कंटेनर होता, आणि तो ज्या डोंगलसाठी होता ते डोंगल केव्हाच जळून गेलं होतं.

६. डिव्हाइस दिलं, तरी 'परमिशन डिनाइड' येतं. होस्टवर मी डायलआउट गटात आहे, मग आत का नाही?

कर्नल गटाचं नाव बघत नाही, आकडा बघतो. होस्टवर सीरियल पोर्टचा गट लिनक्सच्या डेबियन घराण्यात डायलआउट, आकडा २०. फेडोरावर तोच डायलआउट १८. आर्चवर त्या कामासाठी यूयूसीपी गट असतो. अल्पाइनच्या इमेजमध्ये १८ आकडा ऑडिओचा आणि व्हिडिओचा आकडा २७, तर डेबियनमध्ये व्हिडिओ ४४. म्हणजे फेडोरा होस्टवरचा सीरियल पोर्ट अल्पाइन कंटेनरमध्ये 'ऑडिओ' गटाचा दिसतो. दिसू द्या, बिघडत काही नाही.

होस्टवर 'एलएस डॅश एलएन' देऊन नोडच्या गटाचा आकडा पाहा आणि तोच आकडा 'ग्रुप-ॲड' पर्यायाला द्या. कंपोजमध्ये कळ 'ग्रुप अंडरस्कोर ॲड'. नाव नको, आकडाच द्या. नाव दिलंत तर ते कंटेनरच्या आतल्या यादीत शोधलं जातं आणि भलताच आकडा हाती येतो. ग्राफिक्ससाठीच्या रेंडर गटाच्या बाबतीत तर हा आकडा दोन उबुंटू मशीनवरही वेगळा निघू शकतो, त्यामुळे एका मशीनची कंपोज फाइल दुसरीकडे डोळे मिटून नेऊ नका.

सगळ्यांना खुली परवानगी, म्हणजे सीएचमॉड ६६६, हा उपाय सुचवणारेही भेटतात. डोंगल काढून लावलं की युडेव्ह (होस्टवर नोडांची नावं आणि परवानग्या ठरवणारी सेवा) ती परवानगी पूर्ववत करतो. मग तीच तक्रार दर आठवड्याला.

७. रात्री लाइट गेली आणि आली की टीटीवाययूएसबी० आणि यूएसबी१ यांची अदलाबदल होते. काय करू?

हे आकडे उपकरणाचे नाहीत, कर्नलला जे आधी सापडलं त्याला ०, नंतरच्याला १. लोडशेडिंगच्या गावात हे ठरलेलंच. माझ्याकडे ऊर्जामीटर आणि इन्व्हर्टर असे दोन डोंगल होते. एका पहाटे आलेखात रात्री दोन वाजता सौरऊर्जा दिसली, तेव्हा हा धडा मिळाला.

युडेव्ह '/डेव्ह/सीरियल/बाय-आयडी' या फोल्डरात उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक मिळून बनलेली स्थिर नावं ठेवतो. डिव्हाइस पर्यायात डावीकडे ते लांबलचक नाव द्या, उजवीकडे आतल्या प्रोग्रामला हवं ते छोटं नाव. डावीकडचं नाव खरं तर दुवा असतो, डॉकर तो सुरू होताना उलगडून खऱ्या नोडपर्यंत जातो.

इथे एक फट आहे. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच३४० चिप असते आणि तिच्यात अनुक्रमांक सहसा नसतोच. असे दोन बोर्ड लावले की दोघांचं बाय-आयडी नाव एकच होतं आणि फोल्डरात एकच दुवा उरतो. मग शेजारचं 'बाय-पाथ' वापरा. ते नाव कुठल्या यूएसबी खाचेत लावलंय त्यावरून ठरतं. खाचांवर खुणेचा कागद चिकटवून ठेवा, घरात झाडलोट करणाऱ्यांना बाय-पाथ कळत नाही. स्वतःचं नाव हवं असेल तर युडेव्हच्या नियमात 'सिमलिंक' लिहून ते देता येतं.

८. डोंगल काढून परत लावलं की कंटेनर ते ओळखत नाही, रीस्टार्ट करावा लागतो. टाळता येईल?

डिव्हाइस पर्याय कंटेनर सुरू होतानाच्या क्षणाची नक्कल करतो. नंतर होस्टवर काय आलं-गेलं त्याचा कंटेनरला पत्ता नसतो. सामान्य यूएसबी उपकरणांचं तर '/डेव्ह/बस/यूएसबी' मधलं क्रमांकाचं नाव दर वेळी लावताना पुढे सरकतं.

उपाय दोन तुकड्यांचा. पत्त्यासाठी नोड नाही, पूर्ण फोल्डर व्हॉल्यूम म्हणून जोडा. यूएसबीसाठी '/डेव्ह/बस/यूएसबी', सीरियलसाठी होस्टचं '/डेव्ह' कंटेनरमध्ये दुसऱ्याच नावाने, समजा '/होस्टडेव्ह'. (थेट '/डेव्ह'वर '/डेव्ह' जोडलं तर कंटेनरची स्वतःची टर्मिनलची व्यवस्था झाकली जाते.) बाय-आयडीतले दुवे सापेक्ष असतात, त्यामुळे ते नव्या जागीही बरोबर लागतात. वॉचमनसाठी 'डिव्हाइस-सीग्रुप-रूल' हा पर्याय: अक्षर सी, मग मेजर आकडा, कोलन, तारका आणि मुभा. यूएसबी-सीरियलचा मेजर १८८, एसीएम प्रकाराच्या सीरियलचा १६६, यूएसबी बसचा १८९, व्हिडिओ कॅमेऱ्याचा ८१, आवाजाचा ११६. आता कंटेनरला सगळे नोड दिसतात, पण उघडतात तेवढेच जेवढ्यांचा आकडा वहीत आहे.

व्हॉल्यूम 'रीड-ओन्ली' जोडला म्हणून उपकरणावर लिहिणं थांबत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. त्याने फोल्डरात नवे नोड बनवणं आणि जुने पुसणं तेवढं थांबतं.

काही मेजर आकडे कायमचे ठरलेले नसतात, कर्नल बूट होताना वाटतो. एनव्हिडियाचा यूव्हीएम आणि जीपीआयओ चिप (बोर्डावरच्या पिना चालवणारी) यातलेच. त्यांचे आकडे फाइलीत कोरून ठेवू नका, '/प्रॉक/डिव्हायसेस' मध्ये दर वेळी पाहा.

प्रोग्राम 'नवं काही लागलं का' हे युडेव्हकडून ऐकत असेल तर ते निरोप कंटेनरच्या वेगळ्या नेटवर्कपर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी होस्टचं नेटवर्क आणि '/रन/युडेव्ह' फक्त वाचण्यापुरतं द्यावं लागतं.

९. डोंगल लावलेलं नसेल तर कंटेनर सुरूच होत नाही. 'रीस्टार्ट ऑलवेज' असूनही!

डिव्हाइस पर्यायातला नोड सापडला नाही की डॉकर कंटेनर सुरूच करत नाही. आणि रीस्टार्टचं धोरण एकदा नीट सुरू झालेल्या कंटेनरला लागू होतं, पहिल्याच पावलाला अडखळलेल्याला नाही. त्यामुळे बूट होताना डोंगल दोन सेकंद उशिरा आलं तरी कंटेनर दिवसभर बंद राहतो. प्रश्न ८ मधला उपाय इथेही लागू पडतो, कारण त्यात विशिष्ट नोडवर काहीच अवलंबून नसतं. नाहीतर सिस्टमडीचं (होस्टवरच्या सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) युनिट त्या उपकरणाला बांधा, म्हणजे डोंगल आलं की कंटेनर सुरू.

१०. 'डिव्हाइस बिझी' येतं. दुसरं कोणीच वापरत नाहीये, शपथ.

वापरतंय. होस्टवर मोडेममॅनेजर नावाची सेवा नवीन सीरियल पोर्ट आला की तो मोडेम आहे का हे चाचपडून बघते. तेवढा वेळ पोर्ट अडकतो. त्या उपकरणाला हात लावू नको, असा युडेव्हचा नियम लिहिता येतो, किंवा सर्व्हरवर मोडेम नसेल तर सेवाच काढून टाका.

उबुंटू २२.०४ वर सीएच३४० वाल्यांची वेगळीच गत होते. पोर्ट येतो आणि लगेच नाहीसा होतो. तिथे बीआरएलटीटीवाय ही ब्रेल पाटीसाठीची सेवा, तोच ओळख क्रमांक (१ए८६:७५२३) एका ब्रेल उपकरणाचाही असल्यामुळे, चिपवर ताबा घेते. घरात ब्रेल पाटी कुणी वापरत नसेल तर ते पॅकेज काढा, वापरत असेल तर तेवढा एक नियम बंद करा.

दोन कंटेनरना एकच सीरियल पोर्ट द्यायचा विचार असेल तर सोडा. दोघांना उघडता येईलही, पण आलेला प्रत्येक बाइट जो आधी वाचेल त्याचा. दोघांनाही अर्धवट वाक्यं मिळतात. एकाने वाचून एमक्यूटीटीवर (उपकरणांमधली निरोपांची व्यवस्था) टाकावं, दुसऱ्याने तिथून घ्यावं.

११. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जीपीआयओ, आयस्क्वेअरसी (सेन्सर जोडायची व्यवस्था) आणि कॅमेरा?

पहिले दोन सोपे. आधी पायच्या सेटिंगमधून आयस्क्वेअरसी आणि एसपीआय सुरू करा, मग '/डेव्ह/आय२सी-१', '/डेव्ह/एसपीआयडेव्ह०.०' आणि '/डेव्ह/जीपीआयओचिप०' हे नोड द्या. जुने लेख '/सिस/क्लास/जीपीआयओ' वापरायला सांगतात. ती पद्धत मोडीत निघाली आहे, शिवाय कंटेनरमध्ये '/सिस' फक्त वाचण्यापुरतं असतं, म्हणून ते लेख वाचणारे शेवटी प्रिव्हिलेज्डपाशी पोहोचतात. पाय ५ वर पिना आरपी१ या वेगळ्या चिपमागे गेल्या, त्यामुळे आरपीआय-जीपीआयओ ही जुनी पायथन लायब्ररी तिथे चालत नाही. जीपीआयओडी लायब्ररीकडे वळा.

कॅमेरा कटकटीचा आहे. लिबकॅमेरा या कॅमेऱ्याच्या लायब्ररीला एक व्हिडिओ नोड पुरत नाही, अनेक व्हिडिओ आणि मीडिया नोड, डीएमए-हीप आणि '/रन/युडेव्ह' असं सगळं लागतं. शक्य असेल तर कॅमेरा होस्टवरच चालवा आणि कंटेनरला आरटीएसपी (नेटवर्कवरून व्हिडिओ) प्रवाह द्या.

१२. जेलीफिनला (घरचा व्हिडिओ सर्व्हर) इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्सवर व्हिडिओचा प्रकार बदलायला द्यायचाय.

'/डेव्ह/डीआरआय/रेंडरडी१२८' हा नोड आणि रेंडर गटाचा आकडा (प्रश्न ६), बस. 'कार्ड०' नोड स्क्रीनवर चित्र दाखवण्यासाठी असतो, इथे त्याची गरज नाही. दोन कार्डं असतील तर दुसरं १२९ होतं. कुठलं कुठलं ते 'व्हीएइन्फो' सांगतो. एएमडीवर गणनेसाठी, म्हणजे आरओसीएमसाठी, जोडीला '/डेव्ह/केएफडी' लागतो.

१३. एनव्हिडियाला वेगळी व्यवस्था का लागते?

कारण त्यांच्या वापरकर्ता-बाजूच्या लायब्ररी आणि कर्नलचा ड्रायव्हर यांची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. लायब्ररी इमेजमध्ये कोरली तर होस्टचा ड्रायव्हर बदलताच सगळं कोलमडेल. म्हणून एनव्हिडियाची कंटेनर टूलकिट कंटेनर सुरू होताना होस्टवरच्या लायब्ररी आणि नोड (एनव्हिडिया०, एनव्हिडियासीटीएल, एनव्हिडिया-यूव्हीएम) आत जोडून देते. होस्टवर ड्रायव्हर आणि ही टूलकिट हवी, कुडा (कार्डावर गणना करायची एनव्हिडियाची प्रणाली) टूलकिट नको, ती इमेजमध्ये येते. २०१९ च्या डॉकर १९.०३ पासून 'जीपीयूज' हा पर्याय आहे, 'ऑल' दिलं की सगळी कार्डं.

'एनव्हिडिया-एसएमआय' वरच्या कोपऱ्यात कुडाची जी आवृत्ती दाखवतो ती बसवलेली आवृत्ती नव्हे. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कितीपर्यंत झेपवेल, ती मर्यादा आहे. इमेजमधलं कुडा त्याहून फार पुढचं असेल तर इमेज जुनी घ्या किंवा ड्रायव्हर नवा. आणि 'ड्रायव्हर-लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' आलं तर तुमच्या मशीनने आपोआप अपडेट घेतलंय आणि रीबूट राहिलंय.

१४. कंटेनर तासन्‌तास चालतो आणि मग अचानक 'फेल्ड टू इनिशियलाइझ एनव्हीएमएल: अननोन एरर'. रीस्टार्ट केला की बरा. हे भूत कुठलं?

भूत नाही, सिस्टमडी. जुन्या पद्धतीत टूलकिट डॉकरच्या पाठीमागून कार्डाचे आकडे वॉचमनच्या वहीत लिहायची. सिस्टमडीला याची खबर नसायची. कुणीतरी 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' दिलं (पॅकेज अपडेट होतानाही ते दिलं जातं) की सिस्टमडी स्वतःकडची यादी नव्याने वहीत उतरवायचा आणि कार्डाची नोंद पुसली जायची. चालू कंटेनर तिथेच आंधळा.

पक्का उपाय म्हणजे सीडीआय, म्हणजे कंटेनर डिव्हाइस इंटरफेस. त्यात उपकरणाचं वर्णन एका फाइलीत ('/ईटीसी/सीडीआय' मध्ये) असतं आणि रनटाइम (कंटेनर सुरू करणारा भाग) ते सुरुवातीलाच रीतसर नोंदवतो. पॉडमन हे चांगलं सांभाळतो, नवा डॉकरही. ते जमत नसेल तर 'जीपीयूज'च्या जोडीला सगळे एनव्हिडिया नोड डिव्हाइस पर्यायानेही द्या, मग सिस्टमडीच्या यादीतही ते येतात.

१५. कोरल यूएसबी (एआय मॉडेल चालवणारं छोटं उपकरण) पहिल्यांदा सापडतं, मग हरवतं. खराब निघालं का?

बहुधा नाही. ते स्वतःची ओळख बदलतं. लावल्यावर ते १ए६ई:०८९ए असतं, प्रोग्रामने फर्मवेअर भरलं की यूएसबीवरून उतरून १८डी१:९३०२ म्हणून पुन्हा चढतं. तुम्ही एकच नोड दिला असेल तर तो पहिल्या अवताराचा, दुसरा कंटेनरला दिसतच नाही. '/डेव्ह/बस/यूएसबी' पूर्ण द्या, मेजर १८९ सह (प्रश्न ८).

१६. माझ्याकडे विंडोज (किंवा मॅक) आहे. '/डेव्ह'च नाही!

डॉकर डेस्कटॉप मुळात एका लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. तुमचा होस्ट तुमचा लॅपटॉप नाही, ती लपलेली मशीन आहे. विंडोजवर यूएसबीआयपीडी-विन वापरून उपकरण डब्ल्यूएसएल२ (विंडोजमधलं लिनक्स) मध्ये नेता येतं, आधी बाइंड, मग अटॅच. तिथून पुढे वरची सगळी उत्तरं लागू. एनव्हिडिया कार्ड डब्ल्यूएसएल२ मध्ये चालतं, फक्त तिथे नोड '/डेव्ह/डीएक्सजी' असतो.

मॅकवर ॲपलच्या ग्राफिक्सचं मेटल लिनक्स कंटेनरला मिळत नाही, म्हणून मॉडेलं कंटेनरमध्ये रेंगाळतात. ती थेट मॅकवरच चालवा. सीरियल उपकरणासाठी मॅकवर एक छोटा टीसीपी सर्व्हर लावून कंटेनरने 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल'शी बोलणं हे सगळ्यात कमी त्रासाचं.

१७. रूटलेस पॉडमनमध्ये डिव्हाइस दिलं तर नोड 'नोबडी'च्या मालकीचा दिसतो.

रूटलेसमध्ये आतला रूट म्हणजे बाहेरचे तुम्हीच, एक साधा वापरकर्ता. जे तुम्हाला होस्टवर उघडत नाही ते आतही उघडणार नाही. होस्टचा मालक किंवा गट आतल्या नकाशात नसल्याने ६५५३४ म्हणजे नोबडी दिसतो, ते फक्त दिसणं आहे. खरी अडचण अशी की तुमचं डायलआउटचं सदस्यत्व आत जाताना गळून पडतं. 'ग्रुप-ॲड'ला 'कीप-ग्रुप्स' द्या. त्यासाठी सीरन रनटाइम लागतो. वॉचमनची यादी रूटलेसमध्ये नसते, सगळा भार किल्लीवर.

१८. फेडोरावर सगळं बरोबर करूनही 'परमिशन डिनाइड'. गटही बरोबर.

एसईलिनक्स, म्हणजे फेडोराचं सुरक्षेचं कुंपण. 'कंटेनर अंडरस्कोर यूज अंडरस्कोर डिव्हायसेस' हे बूलियन (चालू-बंद सेटिंग) 'सेटएसईबूल'ने कायमचं सुरू करा. एसईलिनक्स बंद करू नका, मी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका.

१९. प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर चालवणारी सर्व्हर-प्रणाली) एलएक्ससी प्रकारच्या कंटेनरमध्ये डॉकर आणि त्याला ग्राफिक्स. कुठे कुठे परवानगी द्यायची?

दोन्हीकडे. आधी एलएक्ससीला नोड द्या, मग एलएक्ससीतून डॉकरला. अनप्रिव्हिलेज्ड एलएक्ससीत आकडे १००००० ने सरकलेले असतात: आतला गट ४४ बाहेर १०००४४. म्हणून बाहेरून नुसता माउंट केला तर नोड आत नोबडीचा दिसतो. प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत कंटेनरच्या 'रिसोर्सेस'मध्ये डिव्हाइस पासथ्रू आहे, तिथे आतला गट क्रमांक विचारला जातो, तो भरला की हिशोब तोच करतो. जुनं, दोन ओळी हाताने लिहिण्याचं काम आता लागत नाही.

२०. कुबरनेटीस आणि स्वार्म (अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्था)?

स्वार्मच्या सर्व्हिसना डिव्हाइस पर्याय नाही. उपकरण वापरणारा कंटेनर त्या मशीनवर साधा चालवा.

कुबरनेटीसमध्ये होस्टपाथने नोड जोडणं म्हणजे प्रश्न ३ मधलीच चूक, पत्ता मिळतो, वॉचमन अडवतो. तिथली रीतसर वाट म्हणजे डिव्हाइस प्लगिन. तो प्रत्येक नोड-मशीनवर चालतो, क्युबलेटला (त्या मशीनवरचा कुबरनेटीसचा कारभारी) 'माझ्याकडे एवढी उपकरणं आहेत' असं सांगतो आणि पॉड (कंटेनरचा गट) आपल्या 'लिमिट्स'मध्ये किती हवीत तो आकडा मागतो. १.२६ पासून तो स्थिर आहे. त्यात पूर्णांकच मागता येतो, अर्धं कार्ड नाही. बारीक वाटप, 'एवढ्या मेमरीचंच कार्ड हवं' अशा अटी, यासाठी डीआरए (डायनॅमिक रिसोर्स ॲलोकेशन) आलं आणि २०२५ मध्ये १.३४ ला स्थिर झालं. घरच्या दोन रास्पबेरी पायच्या क्लस्टरला याची गरज नाही.

२१. व्हीपीएन कंटेनर '/डेव्ह/नेट/टन' मागतो. हे कुठलं हार्डवेअर?

कुठलंच नाही, कर्नलचं काल्पनिक नेटवर्क कार्ड आहे. पण नियम तेच. नोडशिवाय 'नेट अंडरस्कोर ॲडमिन' केपेबिलिटीही लागते, कारण नेटवर्कचे रस्ते बदलायचे असतात. वायरगार्ड कर्नलमधला वापरला तर टनची गरज नसते, केपेबिलिटीची असते.

२२. दुकानातला बिलाचा प्रिंटर आणि बारकोड स्कॅनर कंटेनरमधल्या बिलिंगला जोडायचाय.

स्कॅनर बहुधा कीबोर्ड म्हणूनच वागतो. बिलिंग ब्राउझरमध्ये उघडत असेल तर तो आकडे थेट तिथे टाइप करतो, कंटेनरला त्याची कल्पनाही नसते. काही करू नका. प्रिंटरसाठी होस्टवर कप्स (लिनक्सची छपाई-सेवा) बसवा आणि कंटेनरने नेटवर्कवरून ६३१ पोर्टवर छपाई पाठवावी. एकच थर्मल प्रिंटर असेल आणि प्रोग्राम त्याला थेट कच्चे संकेत पाठवत असेल तर मात्र '/डेव्ह/यूएसबी/एलपी०' द्या, लिहिण्याची मुभा तेवढी पुरते. कागद संपला की छपाई अडकते. प्रश्न १० कडे जाण्याआधी रोल बघा.